तिसऱ्या शिट्टीला पेन खाली

आमच्या घरी गाणं व्हायला तीन शिट्ट्या लागतात. पहिल्या शिट्टीपर्यंत ध्रुवपद, दुसरीपर्यंत पहिला अंतरा, तिसरीपर्यंत दुसरा. तिसरी शिट्टी झाली की नंदा, म्हणजे माझी बायको, गॅस बंद करते आणि मी पेन खाली ठेवतो. ओळ अर्धी असली तरी ठेवतो. स्फूर्ती वगैरे गोष्टी ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. मी पनवेलच्या आसपास हळदीची गाणी लिहितो, आणि मे महिन्यात एकेका दिवशी चार-चार हळदी असतात.

बाहेरच्या वाचकाला आधी हे हळदीचं प्रकरण सांगायला हवं. पनवेल-उरणच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला लोक जेवायला येतात, हळदीला नाचायला येतात. आता त्या नाचासाठी नवरदेवाच्या नावाचं स्वतंत्र गाणं लागतं, नवं कोरं, दुसऱ्या कोणाच्या मांडवात न वाजलेलं. चाल एकजण देतो, गातो दुसरा, आणि शब्द माझे. शब्द म्हणजे मुख्यतः नावं. आईबाप, आजोबा, काका, आत्या, मामा, गावदेवी, नवरदेवाची गाडी, सगळं गाण्यात बसवायचं आणि तरी लोकांचे पाय हलले पाहिजेत. पत्रिकेतलं नाव आठवड्याने रद्दीत जातं, पण गाण्यातलं नाव पुढची दहा वर्षं गावभर वाजत राहतं. त्यामुळे पत्रिकेत नाव चुकलं तर माणूस हसतो, गाण्यात चुकलं तर घरी बसतो.

या धंद्यात गिऱ्हाइकं कशी भेटतात त्याची कल्पना यावी म्हणून एकच सांगतो. एक गृहस्थ आपल्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचं गाणं करून घ्यायला आले. मी नावांसाठी एक छापील फॉर्म ठेवतो, तो मी सवयीने पुढे केला. त्यांनी तो अगदी मन लावून भरला. आईच्या जागी गाईचं नाव, शिक्षणाच्या जागी तीन शर्यतींचे निकाल, आणि वडिलांच्या जागी थोडा वेळ थांबून ‘चौकशी करून सांगतो’. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच चौकशी करून फोन केला. ते नाव मी दुसऱ्या अंतऱ्यात घातलं. बैल खूश होता असं त्यांनी मला कळवलं.

आता शिट्ट्यांकडे येतो, कारण त्यांच्यामुळेच हे सगळं लिहायला बसलो आहे.

मी आयुष्यभर न्हावा शेव्याला एका माल वाहतुकीच्या ऑफिसात कारकून होतो. दिवसभर कंटेनरचे नंबर लिहायचे. गाण्यांची खोड तेव्हाच लागली. सुरुवातीला माझी समजूत अशी की कवीने एकांतात बसावं. म्हणून रविवारी वही घेऊन तळ्याच्या काठी जायचो. पहिल्या रविवारी तीन ओळखीचे भेटले आणि तिघांनीही घरी भांडण झालंय का असं काळजीने विचारलं. दुसऱ्या रविवारी शेजारचे काका माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, संसारात असं चालायचंच. तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही.

मग एका सकाळी चमत्कार झाला. कंपनीची बस सव्वासातला यायची. साडेसहाला नंदा डब्यासाठी डाळभाताचा कुकर लावायची आणि तेवढा अर्धा तास मला कोणतंच काम नसायचं. सहज वही घेऊन बसलो. पहिली शिट्टी झाली तेव्हा ध्रुवपद कागदावर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, पुन्हा तेच झालं. महिनाभरात माझा हात त्या शिट्टीला असा बांधला गेला की शेजाऱ्यांचा कुकर वाजला तरी मला यमक सुचायचं. तेव्हापासून तोच नियम. साडेसहाला बैठक, तिसऱ्या शिट्टीला पेन खाली, आणि त्या दिवशी पुन्हा वहीला हात नाही. ज्या दिवशी ओळ सुचली नाही त्या दिवशी मी कंटेनरचे नंबर लिहिले, पण पेन थांबू दिलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा पहिला आठवडा जरा वाईट गेला. सकाळी बसायचो, अकरा वाजायचे, पानावर फक्त तारीख असायची. पण दुसऱ्या आठवड्यात शिस्त आपोआप परत आली. साडेसहाला शिट्टी, सातला गाणं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हाडात मुरलेली सवय अशी जात नाही, असं मी चार लोकांना सांगितलं, आणि पुढे तर कामोठ्याच्या एका क्लासवाल्या सरांनी मला मुलांसमोर सवयीच्या महत्त्वावर बोलायला बोलावलं. मी तासभर बोललो. मनोनिग्रह हा शब्द निदान दहा वेळा वापरला. नंदा मागच्या बाकावर बसली होती आणि संपूर्ण भाषणभर तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. तिला भरून आलंय असं मला वाटलं. नंतर सरांचा फोन आला की मुलं घरी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पुस्तक मिटतायत आणि आया वैतागल्यात.

असा माझा दबदबा असताना हिराबाई आल्या.

हिराबाई मूळच्या मिठागरवाल्या घरातल्या. आता आगरांच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या काही त्यांच्याच आहेत. मुलगा साहिल, त्याची हळद. बाई सकाळी पावणेसातलाच आल्या, कारण त्यांना पहाटे उठायची सवय. मी नियमाप्रमाणे लिहायला बसलो होतो, तेव्हा म्हटलं, समोर बसा, तुम्ही सांगा, मी थेट गाण्यातच घालतो. एक शिट्टी आधीच होऊन गेली होती. बाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं, दिरांची सांगितली, नणंदांची सांगितली. साहिलची मोठी काळी गाडी सांगितली. टायगर नावाचा कुत्रा सांगितला. टायगर मस्त बसला, शब्दाला वजन होतं. मग त्या मामांकडे वळल्या. त्यांना भाऊ तीन. त्यांनी धाकट्यापासून सुरुवात केली, कारण तो लाडका. धाकटा जगदीश, दोन ओळी झाल्या. मधला काशिनाथ, एक ओळ झाली. ‘आनि थोरला,’ असं त्या म्हणाल्या आणि तिसरी शिट्टी झाली.

मी पेन खाली ठेवलं.

थोरल्याचं उद्या बघू म्हणालो. बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं, पण लिहिणाऱ्या माणसाची काही पद्धत असेल असं समजून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी बसलो तेव्हा माझ्यासमोर उलव्याच्या एका हळदीचं गाणं होतं. कालचं काल, आजचं आज, हाही माझाच नियम. हिराबाईंचा कागद संगीतवाल्याकडे गेला, गाणं रेकॉर्ड झालं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं. थोरला मामा माझ्या डोक्यातून पार गेला होता.

हळदीच्या दिवशी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात हिराबाई. हातात नवी बांगडी, अंगावर जुनी घरची साडी, डोळे सुजलेले. खाली त्यांची काळी गाडी उभी, तीच, गाण्यातली. बाई सोफ्याच्या कडेला टेकल्या आणि मला म्हणाल्या, “शायर, गारीचा नाव हाय, कुत्र्याचा नाव हाय, माज्या थोरल्या भावाचा नाय. धर्मादादानं काल गानं सात येला आयकला. आता बोलतंय, मी हलदीला येत नाय, लग्नाला पन नाय.”

लग्नात मुलाच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि उभा राहायचा मान थोरल्याचा. पण तेवढंच नव्हतं. नंदाने पाणी आणून दिलं आणि बाई हळूहळू बोलत्या झाल्या. साहिल चार वर्षांचा असताना त्याचा बाप दीड वर्ष अंथरुणावर होता. त्या दीड वर्षात मुलाला खांद्यावर घेऊन फिरवलं ते या धर्मादादाने. आगरात न्यायचा, बांधावर बसवायचा, बगळे दाखवायचा. बोलणं कमी, कोणाच्या पुढे येणं नाही, म्हणून नाव घ्यायच्या वेळी तो नेहमी शेवटी. साहिलने मामाशिवाय हळद लावून घेणार नाही असं सांगितलं होतं आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं. मांडवात पाचशे खुर्च्या लागल्या होत्या. आणि या सगळ्याचं कारण माझी शिस्त होती.

आता सांगायला लाज वाटते, पण मी त्या बाईंना काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, आजच्या शिट्ट्या होऊन गेल्या, आता उद्या सकाळी बघू.

“उद्या लगीन हाय,” हिराबाई म्हणाल्या.

मी वही उघडली. पेन धरलं. काहीही सुचेना. धर्मा या शब्दाला कर्मा आणि वर्मा एवढंच आठवत होतं. घरात अशी शांतता की घड्याळ ऐकू यावं. बाई माझ्या हाताकडे टक लावून बघत होत्या. मी बाजूला एक कंटेनर नंबर लिहिला, जरा हात मोकळा व्हावा म्हणून, तर त्यांनी वाकून विचारलं की हा दादाचा फोन नंबर नाय, मग कोनाचा.

तेवढ्यात नंदा उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज झाला, नळाचा झाला, गॅस पेटल्याचा झाला. मला कळेना की सकाळीच कुकर होऊन गेलेला असताना, संध्याकाळी हळदीचं जेवण असताना, ही आता काय शिजवतेय. पण विचारायला वेळ मिळाला नाही, कारण पहिली शिट्टी झाली आणि माझा हात चालू लागला.

पहिल्या शिट्टीला खांदा आला. दुसरीला बगळा आला. तिसरी झाली आणि मी पेन खाली ठेवलं. दोनच ओळी झाल्या होत्या. हिराबाईंचा चेहरा पडला. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. गॅस बंद झाला नाही. चौथी शिट्टी झाली. आमच्या घरात इतक्या वर्षांत कधी चौथी शिट्टी झाली नव्हती. आतून नंदाचा आवाज आला, “अहो, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.” मी मुकाट्याने पेन उचललं. सातव्या शिट्टीला चार ओळी पूर्ण झाल्या:

धर्मा मामा थोरला, त्याचे खांद्यावर वारला नवरा,
मिठाचे आगरान दावला त्याला पयला बगला पांढरा,
भाचा झाला मोठा आता, घोरा हाय दारी उभा,
मामाबिगर हलद लागंना, मामा मांडवाची शोभा.

मोठी कविता नव्हे, मला ठाऊक आहे. पण हिराबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा वाचून घेतलं, आणि ‘वारला’ काढून ‘वाढला’ घाला म्हणाल्या, आपल्या बोलीत वारला म्हणजे वाढलाच, पण शुभकार्यात मेल्यासारखं वाटून दादाला खटकेल. मी तो बदलला. मग प्रश्न आला की गाणार कोण. गायक दुसरीकडे हळदीला गेलेला. बाई म्हणाल्या, मीच बोलते. आम्ही तिघंही त्या काळ्या गाडीत बसलो आणि कामोठ्याला निघालो.

धर्मा मामांचं घर गल्लीच्या टोकाला. दार बंद, आत टीव्ही मोठ्याने लावलेला. हिराबाई पायरीवर उभ्या राहिल्या. चष्मा घरी विसरलेला, म्हणून मी मागून एकेक शब्द सांगत होतो आणि त्या गात होत्या. त्यांचा आवाज बारीक, ताल सुटत होता. दुसऱ्या ओळीला, बगळ्यापाशी, त्या थांबल्या आणि मीही पुढचा शब्द सांगायला विसरलो. टीव्हीचा आवाज कमी झाला. आतून मामा म्हणाले, “परत बोल.”

त्या परत गायल्या. पुन्हा आतून तेच. असं सहा वेळा झालं. गल्लीत बायका गोळा झाल्या, त्यातल्या दोघींना पाठ झालं आणि त्याही गाऊ लागल्या. सातव्यांदा संपलं तेव्हा दार उघडलं. घरच्या सगळ्या पुरुषांनी हळदीसाठी एकसारखे पिवळे कुर्ते शिवले होते. मामा तोच कुर्ता घालून, केस विंचरून, सकाळपासून रुसून बसले होते.

त्यांनी बहिणीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. विचारलं, “जगदीसला किती ओली हायत?”

दोन, मी म्हणालो.

“काशिनाथला?”

एक.

मामांनी स्वतःच्या ओळी बोटांवर मोजल्या. चार भरल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग त्यांनी चपला घातल्या, हिराबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. वाटेत त्यांनी फक्त एकदा मागे वळून मला विचारलं की कुत्र्याला किती आहेत. अर्धी, असं मी सांगितलं. ते समाधानाने पुढे बघू लागले.

आम्हाला त्यांनी कपडे बदलायला घरी सोडलं. मला भूक लागली होती. संध्याकाळपर्यंत थोडं काही खावं म्हणून मी कुकर उघडला. आत पाणी होतं. डाळ नाही, भात नाही, बटाटा नाही, नुसतं पाणी.

मी नंदाला विचारलं की हे काय. ती केसात गजरा माळत होती. म्हणाली, पाणीच असतं. मी म्हटलं, आजचं ठीक आहे, घाई होती. ती म्हणाली, आजचं नाही, पाच वर्षांचं. “तुम्ही रिटायर झालात. साडेसहाला डबा कोणाचा करायचा होता मला? पहिल्या आठवड्यात तुम्ही सकाळी नुसते बसून असायचात. चपला पुसायचात. एका दिवशी तर माझ्या पण पुसल्यात. मला बघवेना. मग लावला कुकर.”

मी खुर्चीवर बसलो. पाच वर्षं. निवृत्त माणसाच्या घरी साडेसहाला डाळ कशाला शिजते, आणि आपण तर साडेबाराला ताजा भात खातो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी बाहेर जाऊन मनोनिग्रहावर बोलत होतो आणि ही मागच्या बाकावर पदरात हसत होती. माझ्या मनात आधी राग आला, मग लाज आली, आणि मग जे आलं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. एवढ्या वर्षांत मी पाच तालुक्यांतल्या आत्या, मामा, गाड्या, बैल आणि कुत्र्यांची नावं गाण्यात बसवली. गाणं यूट्यूबवर चढतं तेव्हा त्याखाली गायकाचं, डीजेचं, ड्रोनवाल्याचं नाव असतं, माझं नसतं, म्हणून मी दरवेळी कुरकुरलो आहे आणि ती कुरकुर नंदाने ऐकून घेतली आहे. तिचं नाव मी कुठेच घातलं नव्हतं. तिने कधी मागितलं नव्हतं, आणि माझ्या फॉर्मवर न मागणाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

संध्याकाळी हळद झाली. हिराबाईंनी माइकवर चार ओळी म्हटल्या, धर्मा मामा नाचले नाहीत, पण साहिलच्या बाजूला शेवटपर्यंत उभे राहिले. पुढच्या सात-आठ दिवसांत मी फॉर्म नव्याने छापून आणला. शेवटी एक ओळ वाढवली: राहिलेली व्यक्ती.

नवा फॉर्म आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहालाच उठलो. नंदाला म्हटलं, तू झोप, कुकर मी लावतो. पाणी मोजून घातलं, झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला आणि वही घेऊन बसलो. पहिला फॉर्म स्वतःच भरला. सगळे रकाने कोरे, फक्त शेवटच्या ओळीत नंदा. मग लिहायला लागलो. पहिल्या शिट्टीची वाट बघत लिहीत राहिलो. ती होईना, म्हणून थांबताही येईना. ध्रुवपद झालं, अंतरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. जळका वास आला तेव्हा नंदा आतून धावत आली.

मी झाकणाचं रबर लावलं नव्हतं. सगळी वाफ कडेने निघून गेली होती, पाणी आटलं होतं, आणि कुकर बुडापासून अर्ध्यापर्यंत काळा पडला होता. नंदाने गॅस बंद केला. कुकर सांडशीने उचलून मोरीत ठेवला. मग कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की आता हा घासायचा कोणी. मी वही पुढे केली.

तिने उभ्या-उभ्या वाचलं. एकदा वाचलं, पान उलटलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग वहीवरून नजर न काढता विचारलं, “मोठ्या मामांना किती ओळी होत्या?”

चार, मी म्हणालो.

तिने बोटं मोजायला घेतली. माझ्यासमोर उभी राहून एकेक ओळ मोजली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग पहिला हात पुन्हा संपवून ती दुसऱ्याच्या अंगठ्यावर आली. सोळा भरल्या.

“राहू द्या,” ती म्हणाली, “कुकर मी घासते.”